सभापतींच्या बशीवरची टिकली

१

डबी उघडली आणि सभापती पुंडलिकराव कापगते यांचा चेहरा फोटोसाठी जसा धरला होता तसाच राहिला. फक्त त्यातलं हसू निघून गेलं.

डबीत काहीच नव्हतं. निळ्या स्पंजमध्ये यंत्राच्या आकाराचा खळगा तेवढा होता.

चिचबोडी पंचायत समितीच्या सभागृहात त्या दिवशी दिव्यांग विद्यार्थ्यांना साहित्यवाटप चाललं होतं. कुणाला कुबड्या मिळाल्या, कुणाला चाकाची खुर्ची, कुणाला जाड भिंगाचा चष्मा. शेवटचं नाव रुचिकाचं. तिसरीतली पोर, दोन वेण्यांना लाल रिबिनी, सोबत आजी धुरपताबाई. तिला श्रवणयंत्र मिळायचं होतं. तिनं डबी हातात घेतली, उलटी केली, हलवली, मग सभापतींच्या बाहीकडे पाहत राहिली. हा जादूचा प्रयोग असावा आणि यंत्र आता तिथून निघेल, असं तिला वाटलं असावं.

बाहीतून काही निघालं नाही.

"डब्या कोणाच्या ताब्यात होत्या?" गटशिक्षणाधिकारी कामिनी मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीच फाईलवर शिक्का मारल्यासारखा पडायचा. सगळ्यांच्या माना रुपा बन्सोडकडे वळल्या. रुपा ही तालुक्याची विशेष शिक्षिका, करारावरची. विशेष गरजा असलेली मुलं शोधायची, त्यांना यंत्रं मिळवून द्यायची, शिकवायचं, आणि या गावाहून त्या गावाला एसटीनं फिरायचं, हे सगळं तिच्या एकटीवर होतं.

"माह्याच," रुपा म्हणाली आणि रडायलाच लागली.

"संध्याकाळपर्यंत यंत्र आलं नाही तर पोलिसांत तक्रार जाईल. आणि तुमच्या कराराचंही मग बघावं लागेल."

त्याच क्षणी विरोधी बाकावरून सदस्य रत्नमालाताई गजभिये उठल्या. "थांबा! सभागृहाबाहेर कोणी जायचं नाई!"

पण बाहेर चहा आणि चिवडा आला होता. बघता बघता सभागृह रिकामं झालं.

रत्नमालाताईंना त्याचं काही वाटलं नाही. निवडून येण्याआधी त्या वर्षानुवर्षं अंगणवाडी चालवत होत्या. कोणाच्या डब्यातला लाडू कोणी खाल्ला, हे त्या नुसत्या ओठांकडे बघून सांगत. मोठी माणसं तरी वेगळी कुठं असतात, असं त्यांचं मत होतं. शिवाय या सभागृहाशी त्यांचं जुनं भांडण होतं. चाकाच्या खुर्चीसाठी शाळेला उतार बांधा, विशेष शिक्षकांच्या जागा भरा, असं त्या निवडून आल्यापासून प्रत्येक बैठकीत सांगत आणि पुंडलिकराव प्रत्येक वेळी गोड हसून एकच उत्तर देत: "होऊन जाईल." झालं काहीच नव्हतं.

२

रुपा मागच्या खोलीत बाकावर बसली होती. ओढणीचं टोक पार ओलं झालं होतं.

"ताई, मी कायले नेऊ? त्या पोरीच्या कानाचं माप मीच भंडाऱ्याले नेऊन देलं होतं."

"तू नेलं असं कोण म्हणून राहिलं? डोळे पूस अन् सांग. डब्या आल्या कवा?"

"काल दुपारी. सभागृहाच्या कपाटाले कुलूप नाई, म्हणून सभापती साहेबाच्या केबिनमधे नेल्या. एकेक उघडून त्याहिले दाखवल्या. कोणतं कोणाचं, तेही सांगतलं. मग त्याहिच्याच कपाटात ठेवल्या."

"अन् केबिनमधे कोण कोण जाते?"

"चावी जीवनकडे असते. चहा घेऊन बाबुलाल जाते. अन् साहेब स्वतः."

जीवन हा शिक्षण विभागाचा कनिष्ठ लिपिक, बाबुलाल आवारातला चहावाला. रत्नमालाताईंनी दोघांना मनातल्या मनात एका रांगेत उभं केलं. साहेबांना केलं नाही. लाल दिव्याची हौस सोडली तर पुंडलिकरावांना कशाचा लोभ नव्हता, हे त्या विरोधक असूनही मान्य करत.

"विकलं असन कोणी."

"घेईन कोण, ताई? त्याले कानात बसवायचा साचा असते. तो रुचिकाच्याच कानाचा आहे. दुसऱ्याच्या कानात तो ढिला पडते, अन् ढिला पडला का यंत्र शिट्टी मारते. कोणाच्याच कामाचं नाई ते. सेलाचं स्टिकर कसं काढाचं, कानात कसं घालाचं, मी आज तिले सगळं शिकवणार होती." रुपानं पुन्हा ओढणी डोळ्यांना लावली. "आता नवा साचा याले पावसाळा लागून जाईन. तवापर्यंत पोरगी वर्गात नुसती भिताडाकडे पाहत बसन."

रत्नमालाताई दाराकडे निघाल्या होत्या. त्या अर्ध्या वाटेत थांबल्या.

"काय मारते म्हटलं यंत्र?"

"शिट्टी. बारीक. चीं करून."

आज सकाळी सभापतींच्या भाषणात अगदी तशीच शिट्टी वाजली होती. सगळ्या सभागृहानं ऐकली होती!

३

"माईक होता तो, ताई," जीवन म्हणाला. "मी दोन थापडा मारल्या तं गप झाला."

जीवन माईकची वायर गुंडाळत होता, पण एकाच हातानं. दुसरा हात त्यानं उजव्या कानावर दाबून धरला होता. अंगणवाडीतलं पोर लाडू लपवलेली मूठ जशी धरतं, अगदी तशीच ही मूठ होती.

"हात काढ."

"कान दुखून राहिला, ताई."

"काढ म्हटलं ना!"

हात निघाला. कानात पांढरंशुभ्र काहीतरी चमकलं. रत्नमालाताईंनी झडप घालून ते उपटलं आणि त्या विजयानं ओरडणार, तोच त्या यंत्रातून बारीक आवाज आला: "जीवन? कोण बाई आहे रे तुह्याजवळ?"

ते श्रवणयंत्र नव्हतं. ते मोबाईलचं कानात घालायचं होतं, आणि आत रीता होती. रीता म्हणजे जीवनची होणारी बायको, राहणार लाखनी.

"पूर्ण बैठकभर लाइनवर होती?" रत्नमालाताईंनी विचारलं.

जीवननं मान खाली घातली. "रोजच राहते."

"मग दे रे बापा फोन. मले साक्षीदारच पाहिजे होता."

रीतानं कसलेही आढेवेढे घेतले नाहीत. उलट, तालुक्याच्या कारभारावर तिची पकड जीवनपेक्षा चांगली निघाली. "मी सगळं आयकलं, ताई. सभापती म्हणे, हा पंखा कवापासून ओरडून राहिला. मग जीवन मले म्हणे, लाइट गेली. त्याच्या मांगून थे शिट्टी वाजली. मी म्हटलं, कोण सिनेमाले आल्यावानी शिट्टी मारून राहिलं?"

"लाइट गेल्यावर? पक्कं?"

"पक्कं जी. पंख्याचा आवाज बंद झाला म्हणून तं शिट्टी नीट आयकू आली."

"मग जीवन तुले काय म्हणाला?"

पलीकडे खुसखुस झाली. उत्तर जीवननंच दिलं, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत. "मी हळूच म्हटलं का साहेबाचं भाषण म्हणजे झोपेची गोळी आहे. अगदीच हळू, ताई! तरी साहेबानं भाषण थांबवलं अन् डोळे वटारून पायलं माह्याकडे. मले वाटते आता बदली होते माही."

रत्नमालाताईंचं त्याच्या बदलीकडे लक्ष नव्हतं. लाइट नव्हती म्हणजे माईक बंद होता. बंद माईक शिट्टी मारत नाही. म्हणजे चोरीला गेलेलं यंत्र त्या वेळी सभागृहातच होतं.

आणि नुसतं होतं असं नाही. ते कोणाच्या तरी कानात चालू होतं!

४

पण कोणाच्या? उन्हाळ्याचे दिवस. भर दुपारच्या झळांत अर्धा तालुका कानाला दुपट्टा गुंडाळून फिरत होता. रत्नमालाताईंनी आवारात एक फेरी मारली आणि भेटेल त्याचा दुपट्टा बाजूला सारून कानात डोकावल्या. ग्रामसेवकांनी ते सहन केलं, ठेकेदार लाजले, आणि एका म्हाताऱ्यानं "मैल काढता का जी?" असं विचारून दुसरा कानही पुढे केला.

यंत्र कोणाच्याच कानात नव्हतं.

त्या हताश होऊन चहाच्या टपरीवर टेकल्या, तेव्हा बाबुलालनं इकडेतिकडे पाहिलं आणि टोपलीमागून खूण केली.

"ताई, चोरीचं मले काई मालूम नाई. पण त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट हाये माह्यापाशी. कोणाले सांगाल नोको."

"बोल."

"साहेबाच्या केबिनमधे बाई येते."

रत्नमालाताईंचा कप बशीवर आदळला. "कोणाच्या? पुंडलिकरावच्या? घरच्या उषाबाईनं जिवंत ठेवलं असतं का त्याहिले?"

"सबूत हाये जी." बाबुलालनं थर्मास पुढे केला. त्याच्या झाकणाला एक केशरी टिकली चिकटवून ठेवली होती. "काल सायंकाळी साहेबाचे कपबशे आणाले गेलो, तं बशीले हे चिकटून. तुमीच सांगा, कामिनी मॅडम टिकली लावत नाई. रुपा मॅडमची काळी राहते. मग ही केशरीवाली कोण?"

रत्नमालाताईंनी चष्मा चढवला. टिकली गोल होती, चिमुकली होती, पण तिला एका बाजूनं शेपटी होती. इतक्या वर्षांत कपाळावर शेपटीवाली टिकली लावलेली बाई त्यांनी पाहिली नव्हती.

"अन् साहेबाचं डोकंही ठिकाणावर नाई," बाबुलाल रंगात आला होता. "आज सकाळी मले म्हणते, बाबुलाल, तुह्या चिवड्याचा केवढा आवाज होते बे! आता चिवडा आवाज नाई करन तं काय करन? मी इतक्या वर्षापासून देऊन राहिलो, कवाच काई म्हटलं नाई."

रत्नमालाताईंनी थर्मासचं झाकणच काढून घेतलं आणि त्या मागच्या खोलीकडे अक्षरशः पळाल्या. "रुपा, हे पाय! काय आहे हे?"

रुपानं एकदाच पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"ताई, हे यंत्राच्या सेलाचं स्टिकर आहे! हे काढलं का सेल चालू होते. कुठं भेटलं तुमाले?"

५

रत्नमालाताईंनी केबिनचं दार ढकललं. पुंडलिकराव खुर्चीत मान खाली घालून बसले होते. सकाळी कानावर घट्ट गुंडाळलेला दुपट्टा आता टेबलावर पडला होता. दोन्ही कान उघडे, रिकामे. त्यांनी मान वर करून नेहमीचं गोड हसून दाखवलं, पण त्या हसण्यात आज काही जीव नव्हता.

ताई त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या आणि बाहेर बघत, साध्या आवाजात म्हणाल्या, "पुंडलिकराव, सभापतीपदाचा राजीनामा कवा देऊन राहिले?"

मग त्या वळल्या. बाई काहीतरी बोलली हे पुंडलिकरावांना तिच्या वळण्यावरून कळलं. त्यांनी मान डोलावली.

"होऊन जाईल," ते म्हणाले. "होऊन जाईल."

हा माणूस आपल्या प्रश्नांना बगल देतो, म्हणून रत्नमालाताईंनी भर बैठकीत बाक बडवले होते, पेपरात पत्रकं दिली होती. त्यातलं त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं!

आता पंचाईत अशी होती की गुन्हेगार सापडला होता, पण त्याला त्याचा गुन्हा सांगायचा कसा? हळू बोललं तर त्याला ऐकू येणार नाही, आणि ओरडलं तर सगळं ऑफिस ऐकणार. शेवटी त्यांनी दाराला कडी घातली, समोर येऊन बसल्या आणि आपल्या कानाकडे बोट करून खूण केली: घाला ते.

पुंडलिकरावांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि आतलं यंत्र कानाला लावलं. चीं! यंत्रानं शिट्टी मारली. त्यांनी ते बोटानं दाबून धरलं.

"आता येते आयकू?" ताईंनी विचारलं.

"येते."

"मग आयका. पंखा तं हे सभागृह बांधलं तवापासून ओरडून राहिला, अन् तुमाले आज आयकू आला. चिवड्याचा आवाज आज आयकू आला. जीवन फोनवर कुजबुजला, थेही. लाइट नोती तरी शिट्टी वाजली, म्हणजे माईक नोता. सभागृहात पंख्याखाली बसूनही तुमी दुपट्टा सोडला नाई. अन् सेलाचं स्टिकर निघालं तुमच्या बशीले. सकाळी तुमाले कुजबुज आयकू येते, अन् आता मी राजीनामा मांगतला तं म्हणता होऊन जाईल."

"राजीनामा मांगतला?" पुंडलिकराव दचकले.

"ते जाऊ द्या. लेकराचं यंत्र काहून नेलं?"

"मले नोतं माहीत, रत्नमालाबाई! आईची शपथ." त्यांचे डोळे भरले. "रुपा मॅडम डब्या दाखवून राहिली होती. याचं नाव, त्याचं नाव. ह्या डबीपाशी आली अन् म्हणाली, साहेब, हे रिकामंच आहे."

"रिकामंच?"

"हो. मले वाटलं, एखादं उरलं असन. उरलेलं परत जाते, पडून राहते. म्हटलं, पाहू तं घालून."

रत्नमालाताईंनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. हे रिकामंच. हे रुचिकाचं. हे रिकामंच. मग त्यांना हसू आलं, आणि हसू नये असं वाटत असतानाच ते फुटलं.

"ती म्हणाली, हे रुचिकाचं आहे!"

"आज वाटताना डबीवरचं नाव वाचलं तवा समजलं मले. फोटोवाला समोर, लेकरू समोर. जीभच उचलली नाई." पुंडलिकरावांनी नाक पुसलं. "काल घरी गेलो हे घालून. उषा वांगे चिरून राहिली होती अन् पुटपुटून राहिली होती. पाच-सहा वर्षं झाले, मी तिचे ओठ नुसते हालताना पाहतो. काल आयकलं."

"काय म्हणत होत्या?"

"मलेच शिव्या देऊन राहिली होती. हा माणूस काई बोलत नाई, काई सांगत नाई, दगड आहे नुसता." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "तरी बरं वाटलं मले. म्हटलं, बोलते तं आहे अजून."

"मग कोणाले सांगाचं ना! तपासून घ्याचे ना कान!"

"बहिरा सभापती म्हणतीन लोक. तुमीच पहिले म्हटलं असतं."

ताईंना ते पटलं. म्हटलं असतंच. आता तर दार उघडून एक आरोळी ठोकायचा अवकाश, सभापतीची खुर्ची पुढच्या महिन्यात त्यांच्याच खाली आली असती. त्यांनी कडीकडे पाहिलंसुद्धा. बाहेर रुपा वाट बघत होती, आणि एक पोर रिकामी डबी मांडीवर घेऊन बसली होती.

"उठा," त्या म्हणाल्या. "यंत्र तुमीच द्याचं. अन् तुमच्याच तोंडानं सांगाचं. मी एक शब्द बोलणार नाई."

६

व्हरांड्यात धुरपताबाई पायरीवर बसल्या होत्या आणि शेजारी रुचिका. पुंडलिकरावांनी यंत्र काढून रुपाच्या हातात ठेवलं, तसे कामिनी मॅडम, जीवन आणि बाबुलाल आपोआप गोळा झाले.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे यंत्र चुकून मीच नेलं होतं. मले आयकू येत नाई."

"काय म्हणता?" धुरपताबाईंनी कानामागे हात धरला.

"मले आयकू येत नाई, म्हटलं."

"तसं नाई जी, जोऱ्यानं बोला. मलेही कमीच येते."

पुंडलिकरावांनी एकदा रत्नमालाताईंकडे पाहिलं. ताईंनी नजर हलवली नाही. मग सभापतींनी मोठा श्वास घेतला आणि ते असे ओरडले की पलीकडच्या कृषी विभागातलेही खिडकीत आले.

"मले! आयकू! येत! नाई!"

धुरपताबाई समाधानानं मान हलवत म्हणाल्या, "मंग असं सांगा ना. त्याच्यात लाजाचं काय हाये? लेकरू माहं तिसरीत हाये, थे नाई लाजत."

बाबुलालनं रत्नमालाताईंच्या हातून थर्मासचं झाकण हळूच परत घेतलं. "म्हणजे बाई नोती?" त्यानं विचारलं, आणि त्याचा चेहरा खरंच पडला.

कामिनी मॅडम तक्रार लिहिण्याच्या तयारीत होत्या. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि रुपाला म्हणाल्या, "सकाळी मी चारचौघांत बोलले. करारावरून बोलायला नको होतं." त्यांच्या आवाजात एवढी माया पहिल्यांदाच निघाली असावी, त्यांनाच ती जड गेली.

रुपानं साचा स्वच्छ पुसला, सेल नवीन घातला, चालू-बंदचं बटण रुचिकाला दाखवलं आणि यंत्र तिच्या कानाला लावलं. यावेळी शिट्टी वाजली नाही. रुपा तिच्या पाठीमागे गेली आणि हलकेच म्हणाली, "रुचिका." पोरीनं गर्रकन मान वळवली. रुपा पुन्हा रडायला लागली, यावेळी हसत हसत.

फोटोवाला अजून होताच, त्यामुळे कामिनी मॅडमना दोन शब्द बोलणं भाग पडलं. शासनाची योजना, समावेशित शिक्षणाचं धोरण, विभागाची कटिबद्धता. रुचिका तोंडाचा आ करून ऐकत होती. थोड्या वेळानं आ मिटला. मग तिचा हात हळूच कानामागे गेला, तिनं यंत्राचं बटण दाबलं, आणि ती मोठ्या समाधानानं मान डोलवत पुढचं भाषण बघत राहिली.

सगळ्यांत आधी ते पुंडलिकरावांच्या लक्षात आलं. तसं मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

७

पावसाळा लागल्यानंतरच्या मासिक बैठकीला सभापती स्वतःचं यंत्र लावून आले. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात कान तपासायला उषाबाईच त्यांना घेऊन गेल्या होत्या. यंत्र दुपट्ट्याखाली नव्हतं, उघडं होतं. ठेकेदारांनी माना खाली घालून थोडं हसून घेतलं. ते हसणं सभापतींना आता ऐकू येतं हे ध्यानात आल्यावर ते बंद झाले.

रत्नमालाताई उठल्या. त्यांनी तेच विचारलं. शाळेचा उतार कागदावर झाला, प्रत्यक्षात कुठं आहे? रुपा एकटी किती गावं फिरणार? दुसऱ्या जागा काहून भरल्या नाहीत?

पुंडलिकराव पूर्ण ऐकून घेईपर्यंत थांबले. मग कामिनी मॅडमकडे वळले. "काहून नाई झालं, मॅडम?"

असा प्रश्न त्या खुर्चीतून पहिल्यांदाच आला होता. कामिनी मॅडम गडबडल्या, सावरल्या आणि त्यांनी फाईल उघडली. प्रस्ताव वर गेला होता, वरून त्रुटी निघाली होती, त्रुटीची पूर्तता खालून व्हायची होती. खालचे वर बोट दाखवत होते आणि वरचे भंडाऱ्याकडे. मॅडम बोलत राहिल्या, जीवन कागद पुरवत राहिला. दोन सदस्य पेंगले. चहा येऊन निवला.

पुंडलिकरावांची मान एकदा डोलली. मग त्यांचा उजवा हात अगदी हळू टेबलावरून उठला, गालापर्यंत आला आणि कानामागे सरकू लागला.

"सभापती!" विरोधी बाकावरून खणखणीत आवाज आला. "हात खाली!"

हात जागच्या जागी थांबला. पुंडलिकरावांनी तो मुकाट्यानं टेबलावर आणून ठेवला, वर दुसरा हात ठेवून दाबून धरला, आणि कामिनी मॅडमकडे पाहून म्हणाले,

"बोला, मॅडम. मी आयकून राहिलो."